चिलखताचे ओझे : स्टेल्थ गेममधील चिलखती शत्रू आणि गनिमी काव्याची कथनपरंपरा

प्रस्तावना

इ. स. २००० नंतरच्या काही वर्षांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत रेल्वे स्थानकाच्या आसपासचे सायबर कॅफे ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची नेहमीची जागा होती. तेथील संगणकांवर ज्या खेळांनी या पिढीला गुंतवून ठेवले त्यांत २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट आयजीआय’ या खेळाचे स्थान वरचे होते. एकटा सैनिक तारेच्या कुंपणातून शत्रूच्या तळात शिरतो, टेहळणीचा कॅमेरा चुकवतो आणि धोक्याची घंटा वाजू न देता कामगिरी पार पाडतो, एवढेच त्याचे कथासूत्र. कामगिरीच्या मध्यावर खेळ जतन करून ठेवण्याची सोय त्यात नव्हती. शेवटच्या क्षणी चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. ज्या पिढीने तो खेळ खेळला, त्या पिढीतील अनेकजण आज महाविद्यालयांत अध्यापन करीत आहेत. तरीही या खेळप्रकाराचा साहित्यकृतीप्रमाणे गंभीरपणे विचार करण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ झालेली नाही.

लपतछपत, आवाज न करता, प्रतिपक्षाच्या नजरेआड राहून खेळावयाच्या या प्रकारास ‘स्टेल्थ गेम’ असे म्हणतात. या प्रकारातील नायक सामान्यतः हलका, अल्पशस्त्र आणि एकटा असतो. त्याच्यासमोर कधी ना कधी असा शत्रू उभा केला जातो, की ज्याच्यावर त्याची नेहमीची शस्त्रे चालत नाहीत. हा चिलखती शत्रू म्हणजे स्टेल्थ गेमच्या रचनेची खरी कसोटी होय. प्रस्तुत लेखात काही निवडक खेळांतील चिलखती शत्रूची रचना तपासून, मराठीतील गनिमी काव्याच्या कथनपरंपरेच्या प्रकाशात तिचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

विषयाची व्याप्ती

‘आपण’ आणि ‘बलाढ्य शत्रू’ यांच्यातील विषम सामना हा मराठी इतिहासकथनाचा मध्यवर्ती विषय आहे. ‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोगही अर्थपूर्ण आहे. गनीम म्हणजे शत्रू. मोगल मराठ्यांना गनीम म्हणत. म्हणजे प्रतिपक्षाने निंदेसाठी वापरलेले नाव मराठीने अभिमानाने धारण केले. लपणे, वाट पाहणे, रात्रीचा आणि डोंगराचा आश्रय घेणे या गोष्टी वीराला शोभतात काय, हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीने अवघड आहे, कारण वीररसाचा स्थायीभाव उत्साह हा मानला गेला असून उत्साहाचे परंपरागत दृश्यरूप समोरासमोरचे युद्ध हे आहे. बखरी आणि पोवाडे यांनी या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर दिले. स्टेल्थ गेमलाही त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. फक्त त्याचे उत्तर शब्दांत नसून नियमांत असते.

इयन बोगॉस्ट यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की खेळ आपला युक्तिवाद मुख्यतः नियमांच्या द्वारे मांडतो. कोणती कृती शक्य आहे, कोणती निष्फळ ठरते आणि कोणत्या कृतीला फळ मिळते यांतून खेळ जगाविषयी काही सांगत असतो. हे गृहीत धरल्यास ‘चिलखती शत्रूला कसे हरवावे’ या प्रश्नाला केवळ खेळाडूंच्या युक्त्यांचा प्रश्न समजणे योग्य ठरत नाही. बळ म्हणजे काय आणि ते कशाने निष्प्रभ होते याविषयी त्या खेळाचे मत काय आहे, हे त्याच्या उत्तरातून कळते.

चिलखत : संबंध आणि संख्या

उत्तम स्टेल्थ गेममध्ये चिलखत हा एक संबंध असतो. चिलखत घातलेल्याचे वजन वाढते, चाल मंदावते, नजर अरुंद होते. त्याला विशिष्ट जमीन, विशिष्ट इंधन, विशिष्ट रसद लागते. जे त्याचे बळ, त्यातूनच त्याची अडचण निर्माण होते. याची काही उदाहरणे पाहता येतील.

लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या ‘थीफ’ मालिकेचा पहिला खेळ १९९८ साली आला. त्यातील नायक गॅरेट हा चोर आहे. पाण्याचा बाण मारून मशाल विझवणे आणि शेवाळाचा बाण मारून पावलांचा आवाज दाबणे ही त्याची साधने. २००० साली आलेल्या दुसऱ्या भागात त्याच्यासमोर धातूची चालती यंत्रे येतात. तलवार त्यांच्यापुढे कुचकामी आहे. परंतु या यंत्रांच्या पाठीवर त्यांना चालवणारी भट्टी असते आणि मागून जाऊन तिच्यात पाण्याचा बाण मारला असता यंत्र बंद पडते. दिवा विझवणारे घरगुती पाणी येथे पोलादाला पुरे पडते. आधीच हाती असलेल्या साधनाचा नवा उपयोग खेळाडूला स्वतः शोधावा लागतो, हे या रचनेचे वैशिष्ट्य होय.

आर्केन स्टुडिओजच्या ‘डिसऑनर्ड’ (२०१२) या खेळात उंच धातूच्या पायांवर चालणारे चिलखती पहारेकरी आहेत. उंचीमुळे त्यांना दूरचे दिसते आणि चिलखतामुळे समोरचे बाण त्यांना लागत नाहीत. मात्र त्यांच्या पाठीवर देवमाशाच्या तेलाची टाकी असते आणि तिच्यावर नेम साधल्यास स्फोट होतो. ज्या शहरात हे पहारेकरी फिरतात त्या शहराचे सर्व वैभव याच तेलावर उभे आहे. त्यामुळे पहारेकऱ्याची दुर्बलता ही त्या राज्यव्यवस्थेच्याच दुर्बलतेची खूण ठरते. रचना आणि आशय यांचा असा मेळ या प्रकारात क्वचितच पाहावयास मिळतो.

तिसरे उदाहरण हिदेओ कोजिमा यांच्या ‘मेटल गिअर’ मालिकेतील आहे. १९८७ सालचा मूळ खेळ ज्या संगणकासाठी रचला गेला, त्यास पडद्यावर एकाच वेळी अनेक आकृत्या दाखवणे जड जात होते. या अडचणीतूनच लढण्याऐवजी लपण्याची कल्पना पुढे आली, हे स्टेल्थ गेमच्या इतिहासातील सर्वपरिचित सत्य आहे. याच मालिकेतील ‘द फँटम पेन’ (२०१५) या खेळात चिलखत हे शत्रूचे उत्तर म्हणून येते. खेळाडू वारंवार डोक्यावर नेम धरू लागला, की पुढील तळांवरील सैनिक शिरस्त्राणे घालू लागतात. तो नेहमी रात्री येऊ लागला, की त्यांना अंधारात पाहण्याचे चष्मे मिळतात. खेळाडूची सवय हेच शत्रूच्या चिलखताचे कारण ठरते. यावरचा उपायही तितकाच मार्मिक आहे: आपली माणसे पाठवून शिरस्त्राणांचा पुरवठाच तोडता येतो. पोलाद भेदण्यापेक्षा ते शत्रूपर्यंत पोहोचू न देणे अधिक सोपे, हा युद्धशास्त्रातील जुना विचार येथे नियमाचे रूप घेतो.

याउलट काही खेळांत चिलखत ही केवळ एक संख्या होते. युबिसॉफ्टच्या ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेत हा फरक स्पष्टपणे दिसतो. २००९ सालच्या दुसऱ्या भागात जड चिलखत आणि मोठी कुऱ्हाड धारण करणारे सैनिक आहेत. ते धीमे आहेत, पाठलागात मागे पडतात, आणि मागून नकळत गाठल्यास मनगटाखालील छुप्या पात्याच्या एकाच वारात कोसळतात. ‘ओरिजिन्स’ (२०१७) आणि ‘ओडिसी’ (२०१८) या भागांत मात्र शत्रूला पातळीचा अंक दिला गेला. शत्रूचा अंक खेळाडूच्या अंकापेक्षा बराच वरचा असेल, तर बेसावध शत्रूवर मागून केलेला अचूक वारही त्याला मारू शकत नाही. येथे खेळाडूचे कौशल्य, अंधार, वाट पाहणे हे सारे गौण ठरते. उरतो तो अंक वाढवत बसण्याचा उद्योग. जाणत्या खेळाडूंनी यावर नाराजी व्यक्त केली. २०२० सालच्या ‘वल्हल्ला’मध्ये एका वारात खात्रीने मारण्याचा पर्याय देण्यात आला आणि २०२३ सालचा ‘मिराज’ बव्हंशी जुन्या रीतीकडे वळला. हा केवळ अभिरुचीतील बदल नव्हे. बळाला संख्या मानणारा खेळ नकळत असे शिकवतो, की मोठ्याला हरवण्यासाठी प्रथम तेवढेच मोठे व्हावे लागते. स्टेल्थ गेमच्या मूळ प्रतिज्ञेला हा विचार छेद देतो.

प्रतापगड : चिलखत कोणाच्या अंगावर?

आता मराठी कथनपरंपरेकडे वळता येईल. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेली शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट अज्ञानदासाच्या पोवाड्यात, सभासद बखरीत, परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आणि पुढील अनेक बखरींत वर्णिली गेली आहे. लोकमानसात या प्रसंगाचे जे चित्र ठसले आहे त्याच्या केंद्रस्थानी वाघनखे आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये सातारा येथे प्रदर्शनासाठी आणली गेली, तेव्हा हे पुन्हा एकदा दिसून आले. त्या वाघनखांचा प्रतापगडाच्या प्रसंगाशी असलेला संबंध सिद्ध करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे असूनही जनमानसाचे लक्ष त्या शस्त्रावरून हलले नाही.

मूळ कथनाकडे लक्षपूर्वक पाहिल्यास वेगळेच काही हाती लागते. या प्रसंगात चिलखत आहे, पण ते खानाच्या अंगावर नाही. सभासदाच्या कथनात महाराजांनी वस्त्राखाली लोखंडी कड्यांची कुडती घातली होती आणि खानाचा वार तिच्यावर खरखरून निष्फळ झाला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तर खानाच्या अंगावर पातळ मलमलीचा पोशाख असल्याचे म्हटले आहे. ज्याला बलाढ्य म्हणावे तो मलमलीत आणि ज्याला दुबळे समजावे तो चिलखतात, अशी ही उलट मांडणी आहे. स्टेल्थ गेमच्या रूढ संकेताप्रमाणे चिलखत हे शत्रूचे दृश्य लक्षण असते. बखरीत ते नायकाचे अदृश्य साधन होते.

मग खानाचे चिलखत कोणते? त्याची फौज, हत्ती, तोफखाना आणि मैदानी युद्धातील वर्चस्व हे त्याचे खरे चिलखत होते. ते भेटीच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधीच उतरवले गेले. महाराज मैदानात आले नाहीत. त्यांनी जावळीच्या रानातील प्रतापगड हे ठाणे धरले. खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ यांच्यामार्फत बोलणी झाली आणि वाईला तळ देऊन असलेला खान घाट चढून-उतरून जावळीत आला. त्या अरण्यात घोडदळाला दौड नव्हती आणि तोफांना वाट नव्हती. नेताजी पालकर, मोरोपंत पिंगळे यांच्या तुकड्या रानात दबा धरून होत्या. शामियान्यातील तो क्षण म्हणजे अनेक आठवड्यांच्या तयारीची अखेर होय. बखरकाराने वकिलांच्या बोलण्यांना जेवढी जागा दिली आहे, तेवढी प्रत्यक्ष झटापटीला दिलेली नाही. हे प्रमाण समीक्षकाने लक्षात घ्यावे असे आहे. कथनाचा भार शस्त्रावर नसून स्थळ, काळ आणि विश्वास यांच्या रचनेवर आहे.

उंबरखिंड : कल्याणच्या वाटेवरील फौज

प्रतापगडापेक्षाही प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा प्रसंग उंबरखिंडीचा आहे आणि त्याचा कल्याणशी थेट संबंध आहे. कल्याण-भिवंडी १६५७ च्या अखेरीस स्वराज्यात आले होते. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शायिस्ताखानाने कोकणचा हा मुलूख घेण्यासाठी कारतलबखानाला पाठवले. फेब्रुवारी १६६१ च्या आरंभी ही फौज लोणावळ्याच्या बाजूने सह्याद्री उतरू लागली आणि आजच्या खोपोलीनजीकच्या उंबरखिंडीत सापडली. परमानंदाने ‘शिवभारता’त या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन केले आहे. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट झाडी, वरून आणि पुढून मराठ्यांचा मारा, मागे फिरण्यास जागा नाही आणि पिण्यास पाणी नाही. जेवढी फौज मोठी तेवढी कोंडी अधिक, अशी ही स्थिती होती. फौजेत असलेल्या रायबागन या माहूरकर सरदार स्त्रीने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला. द्रव्य व सामान ठेवून खानाला माघारी जाऊ देण्यात आले.

या प्रसंगात चिलखत भेदले गेले नाही. ते पेलणे अशक्य करण्यात आले. विजय मिळाला तो शत्रूच्या संहाराने नव्हे, तर त्याला परतवून. ‘डिसऑनर्ड’सारख्या खेळात एकाही व्यक्तीला न मारता शेवट गाठता येतो याचे मोठे कौतुक झाले. ‘शिवभारता’च्या वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये.

मात्र या प्रसंगाची आणखी एक बाजू आहे. त्याच वर्षी मे महिन्यात कल्याण मोगलांच्या हाती गेले. उंबरखिंडीतील विजयाने कल्याणचा प्रश्न कायमचा सुटला नव्हता. खेळात टप्पा पार झाला की तो पार झालेला राहतो. इतिहासात तसे होत नाही. चिलखती शत्रू नवी वाट शोधून परत येतो. ‘द फँटम पेन’मधील सवयीनुसार बदलणारा शत्रू या सत्याच्या थोडा जवळ जातो, इतर बहुतेक खेळ तेथवर पोहोचत नाहीत.

ठाण्याचा कोट आणि वसईचा कोट

जे व्यक्तीच्या चिलखताबाबत खरे, ते तटबंदीबाबतही खरे आहे. ठाणे शहराच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. १७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाण्याचा कोट घेतला. आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे तोच हा कोट. त्या वेळी त्याचे बांधकाम पुरे झाले नव्हते आणि ही बातमी मराठ्यांना मिळालेली होती. अंजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी स्थानिक मंडळी या मोहिमेसाठी कित्येक वर्षे खटपट करीत होती, हे साष्टीच्या बखरीवरून दिसते. खाडी ओलांडून आलेल्या तुकडीला अपुऱ्या तटाची माहिती हेच मुख्य शस्त्र ठरले.

वसईचा कोट मात्र पुरा बांधलेला होता. तो १७३९ च्या मे महिन्यात पडला, पण त्यासाठी चिमाजी अप्पांना काही महिने वेढा चालवावा लागला, तटाला सुरुंग लावावे लागले आणि मोठी मनुष्यहानी सोसावी लागली. दोन्ही ठिकाणी शत्रू एकच होता आणि साधनेही जवळजवळ तीच होती. ठाण्यात चिलखताला फट होती. वसईत ती प्राण देऊन पाडावी लागली. स्टेल्थ गेमच्या समीक्षेत हा भेद मूलभूत मानावा लागेल. खेळाच्या रचनाकाराने प्रत्येक चिलखतात एक फट आधीच ठेवलेली असते. भट्टी पाठीवरच असणार, तेलाची टाकी दिसेल अशीच असणार, हे खेळाडू जाणून असतो. त्यामुळे त्याचा शोध हा अखेर रचनाकाराच्या मनाचा शोध असतो. वसईसारखे, ज्याला फटच नाही असे चिलखत, हा प्रकार सहसा हाताळत नाही. ही त्याची मोठी मर्यादा होय.

चेहरा नसलेला शत्रू

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. स्टेल्थ गेममधील चिलखती शत्रूला बहुधा नाव नसते आणि चेहराही नसतो. शिरस्त्राणामुळे चेहरा झाकला जातो ही रचनाकाराची सोयही असते, कारण चेहरा नसलेल्याला मारताना खेळाडूला संकोच होत नाही. चिलखत येथे शत्रूच्या माणूसपणावर घातलेले झाकण ठरते.

मराठी कथनपरंपरेतील शत्रू असा नाही. खानाला नाव आहे, पूर्ववृत्त आहे, वाईच्या सुभेदारीचा अनुभव आहे, अहंकार आहे. कारतलबखान वाट चुकलेला सेनापती म्हणून आपल्यासमोर येतो आणि रायबागनचे बोल ऐकून घेतो. शत्रूपक्षातील स्त्रीच्या तोंडी शहाणपण घालण्याचे औदार्य परमानंदाने दाखवले आहे. शत्रूला चेहरा देणे ही भाबडी उदारता नव्हे. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला जावळीत आणता येत नाही. गनिमी काव्याचा पाया शत्रूच्या ओळखीवर आहे आणि ओळखीसाठी चेहरा लागतो. म्हणून चेहराहीन शत्रू हा नैतिक दोष तर आहेच, परंतु तो कलात्मक दोषही आहे. अशा शत्रूची केवळ पाठ पाहता येते. त्याचे मन वाचता येत नाही.

येथे बखरींनाही दोषमुक्त ठरवता येणार नाही. घटनेनंतर लिहिणाऱ्या बखरकाराला शेवट ठाऊक असतो, त्यामुळे त्याच्या कथनात विजय अटळ वाटू लागतो. दैवी कौलाच्या उल्लेखाने ही अटळता अधिक गडद होते. या बाबतीत खेळ सरस ठरतो. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळणाऱ्याला अपयशाची शक्यता प्रत्येक वळणावर जाणवत असे. जतन करण्याची सोय नसल्याने तो आपले प्रत्येक पाऊल मोजून टाकी. जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्याची अनिश्चितता बखरीच्या वाचकापेक्षा या खेळाडूला कदाचित अधिक उमगू शकेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, स्टेल्थ गेममधील चिलखती शत्रूची रचना ही बळाविषयीच्या विचाराची रचना असते. चिलखताला ओझे मानणारा खेळ विचाराला चालना देतो. त्याला संख्या मानणारा खेळ केवळ श्रम करवून घेतो. दुसरा, प्रतापगड, उंबरखिंड आणि ठाणे या तिन्ही प्रसंगांत निर्णायक ठरले ते स्थळ, माहिती, रसद आणि शत्रूची ओळख. शस्त्राचे स्थान त्यानंतरचे आहे. वाघनखांभोवती गोळा होणारी लोकप्रिय प्रतिमा या दृष्टीने मूळ कथनाला न्याय देत नाही. तिसरा, खेळाने बखरीकडून शत्रूला चेहरा द्यावयास शिकावे आणि बखरीच्या वाचकाने खेळाकडून विजयाची अनिश्चितता अनुभवावयास शिकावे, अशी देवाणघेवाण दोन्ही माध्यमांना उपकारक ठरेल.

या चर्चेला व्यावहारिक बाजूही आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अॅनिमेशन, दृश्यप्रभाव आणि गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. मराठ्यांच्या इतिहासावर आधारित खेळ रचण्याच्या कल्पना यापुढे महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्परूपाने मांडतील आणि त्यांचे मूल्यमापन साहित्य, इतिहास व संगणकशास्त्र या विभागांतील अध्यापकांना एकत्र बसून करावे लागेल. चित्रे किती हुबेहूब आहेत किंवा तलवारीचा खणखणाट किती खरा आहे, या प्रश्नांवर ते मूल्यमापन थांबू नये. खेळाडू खानाच्या शामियान्यापाशी पोहोचण्यापूर्वी त्याला वकिलाचे बोलणे, रानाची वाट आणि शत्रूचा स्वभाव यांचा अभ्यास करावा लागतो काय, हे प्रथम पाहावे. ज्या खेळात थेट वाघनखे हाती देऊन शेवटची झटापट तेवढी खेळवली जाईल, त्यात पोशाख आणि नावे मराठी असली तरी गनिमी कावा असणार नाही.